रोल बंद झाला म्हणे

देवाजीकाका,

परवा तुमच्या शोकसभेतून मी मध्येच उठून गेले. तुम्ही असता तर हे कुणीतरी तुमच्या कानावर घातलंच असतं, म्हणून मीच सांगते. त्रिसरण-पंचशील झालं, पांढऱ्या साड्यांतल्या बाया भिंतीला टेकून बसल्या, आणि एकेक माणूस उठून बोलू लागला. प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच. देवाजी म्हणजे आपल्या वस्तीचा फोटोग्राफर. मागे फ्लेक्स बांधला होता. त्यावर तुम्ही, खाली 'भावपूर्ण आदरांजली', आणि कोपऱ्यात हात जोडून हसणारा लेआऊटवाला, शेजारी प्लॉट पाडून विकणारा. फ्लेक्स त्यानेच करून दिला होता. ज्याने आपलं वाचनालय पाडलं त्याने तुम्हाला आदरांजली वाहिली, आणि आपल्या माणसांनी ती स्वतःच्या हाताने खांबाला बांधली. मी चपला शोधल्या आणि निघाले.

तुमच्या बायकोला, म्हणजे काकूला वाटलं मला रडू आवरलं नाही. वाटू द्या. मला रडू आलं नव्हतं. मला तुमचा राग आला होता, तसा तो अजूनही आहे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं हा नियम ज्यांनी केला, त्यांनी एकही भांडण अर्धवट सोडलं नसावं.

वस्तीचा फोटोग्राफर! वस्तीला ज्या एका गोष्टीचा फोटो हवा होता, तेवढी सोडून सगळ्याचे फोटो काढणारा.

तरी तुमच्या वाट्याचं तुम्हाला देते. सिंदी मेघे गावाच्या या टोकाला, आपल्या दोन गल्ल्यांत, असं एकही घर नाही जिथे तुमचा फोटो नाही. तळहाताएवढा, पांढऱ्या कडेचा, किंचित पिवळा पडलेला. तुम्ही पोटासाठी शाळेत प्रयोगशाळा सांभाळत होता. प्रकाशाच्या प्रयोगांसाठी तिथे एक अंधारी खोली होती. शाळा सुटली की तुम्ही तिथेच फिल्म धुवायचा, आणि निगेटिव्ह कागदावर ठेवून जसाच्या तसा फोटो उतरवायचा. कॅमेरा म्हणजे काळा चौकोनी डबा, नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेला. तो डोळ्याला लावायचा नसे. पोटाशी धरायचा आणि वरून, विहिरीत पाहावं तसं, वाकून पाहायचं. मला त्याची भीती वाटायची, कारण फोटो काढताना तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता.

"हालू नको वं. श्वास धर. अजून धर. हां, आता सोड."

"काका, आता हालू?"

"हाल, नाच, काई बी कर. आता तू माह्या पेटीत बसली."

मी खरंच समजायचे की माझ्यातलं काहीतरी त्या डब्यात गेलं आणि तुमच्या घरी राहायला लागलं. शाळेतून आले की आधी तुमच्या दारात डोकावायचे, तिथे माझं जे होतं ते ठीक आहे ना बघायला. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतेय तर ऐकायला तुम्ही नाही, आणि त्याचाही राग येतो.

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती. माझे वडील, तुमचे लहानपणापासूनचे मित्र हरिदास, पत्रकं लिहायचे, छापायचे आणि सभेबाहेर वाटायचे. मी वाचायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. दुसऱ्या पोरी बाहुल्यांचं लग्न लावायच्या, मी बाहुल्यांपुढे भाषण करायचे, "बंधू आणि भगिनींनो, आता तरी जागे व्हा!" आणि हे सगळं ठेवायला जागा होती ती आपलं वाचनालय. टिनाचं छप्पर, मातीच्या विटा, एक लांब बाकडं, आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी टांगलेली पत्रकं नि पुस्तिका. माझ्या जन्माआधी वस्तीने ते आपल्या हाताने उभं केलं. विटा बायांनी थापल्या. टिनं तुम्ही आणि बाबांनी चढवली. त्या जागेचा कुणाकडे कागद नव्हता. कागद घेऊन वस्ती उभी राहत नसते.

मी कॉलेजात असताना शेजारी लेआऊट पडला. एका सकाळी बुलडोझर आला, आणि आमच्या डोक्यावरचं ते टिन दुपारपर्यंत ट्रॉलीत पडलेलं होतं. आता तिथे लेआऊटचं फाटक आहे, दोन बाजूंना सिमेंटचे सिंह. लेआऊटवाल्याचं म्हणणं एकच, इथे कधी काही नव्हतंच. रिकामी जागा होती.

तहसिलीत सुनावणी झाली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने विचारलं, "एखादा जुना फोटो आहे का?" आणि सगळी वस्ती वळून तुमच्याकडे पाहू लागली. मला ते दृश्य अजून दिसतं. किती आशेने पाहत होते सगळे! तुमच्याकडे नसेल तर कुणाकडे असणार?

तुम्ही उठलात. "साहेब, कॅमेरा आहे. पण त्याचा रोलच बंद झालता."

"मग दुसरा घ्यायचा कॅमेरा," साहेब म्हणाला. लोक हसले. लेआऊटवाल्याचा वकील सगळ्यांत मोठ्याने हसला. तुम्हीही हसलात काका, आणि जमिनीकडे पाहत खाली बसलात. निकाल विरुद्ध गेला.

मी तेव्हा तुमच्यावर चिडले नव्हते. कंपनीवर चिडले होते. तुम्हीच समजावलं होतं की तुमच्या डब्याला सिक्स-ट्वेंटी नावाचा रोल लागतो, तो परदेशातली कंपनी बनवायची, आणि एक दिवस तिने ठरवलं की पुरे. कुणाला विचारलं नाही. हे नेमकं कधी झालं, ते मीही विचारलं नाही. जगभरात असे किती डबे त्या दिवशी मुके झाले असतील! मी त्यावर एक पत्रकसुद्धा लिहिलं होतं. वाचून तुम्ही म्हणालात, "लय भारी लिवलं. पण कंपनीले मराठी येत नाई ना वं."

मग मी पुण्याला नोकरीला गेले. तिथे जुने कॅमेरे जमवणारा एक मित्र भेटला. त्याला मी आपल्या वाचनालयाची गोष्ट सांगितली, बंद झालेल्या रोलची सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "पण ती फिल्म तर अजून मिळते." त्याने खोक्यातून वन-ट्वेंटीचा नवा रोल काढला, शेजारी एक जुनं लोखंडी रीळ ठेवलं, आणि दाखवलं. फिल्म तीच. मागचा काळा कागद तोच, त्यावरचे आकडेही तेच. फरक फक्त ज्यावर ती गुंडाळतात त्या रिळाचा. सिक्स-ट्वेंटीचं रीळ थोडं बारीक केलं होतं, म्हणजे कंपनीच्या कॅमेऱ्यात कंपनीचाच रोल बसावा. त्याच्यासाठी ही मजेशीर माहिती होती. मी ते रीळ उचलून मुठीत धरलं. पाणी तेच, माठ वेगळा. हे आपल्या माणसांना कुणी समजावून सांगायला हवं का?

अंधारात वन-ट्वेंटीचा रोल सोडायचा आणि जुन्या बारीक रिळावर गुंडाळायचा. बस्स. जगभर हौशी माणसं हे करतात.

मी त्या मित्राकडून रोल घेतला आणि पुढच्या सुट्टीत घरी आले. मला वाटलं होतं मी तुम्हाला तुमचा कॅमेरा परत देणार आहे. तुमचा चेहरा कसा होईल, याची कल्पना करत गाडीत बसले होते. भर दुपारी तुमच्या ओसरीवर तो रोल ठेवला आणि भाषण सुरू केलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग आत जाऊन जाडा काळा कोट आणलात, त्यात रोल आणि रीळ टाकलं, बटणं लावलीत, वरून गोधडी गुंडाळलीत, आणि बाह्यांतून उलटे हात आत घातलेत. कोट म्हणजे तुमची अंधारी खोली. तुम्ही माझ्याकडे बघत बोलत होता, पाऊस, कापूस, माझ्या नोकरीतलं जेवण, आणि आत तुमची बोटं त्यांचं त्यांचं काम करत होती. फिल्मचं एक टोक कागदाला चिकटवलेलं असतं, दुसऱ्यांदा गुंडाळताना तिथे फुगा येतो, ते उचकटून पुन्हा चिकटवावं लागतं. मला हे शिकायला एक आख्खा रोल वाया घालवावा लागला होता. तुम्ही बोलता बोलता केलंत. तयार रोल बाहेर काढून माझ्यापुढे ठेवलात.

मी म्हणाले, "काका, तुमाले येत होतं."

"हाव."

"कदीपासून?"

"रोल बंद झाला तवापासून. तुह्या नामकरणाचा फोटो मंग कायचा आहे? त्याच्यावरचाच आहे ना."

मी डोकं धरून बसले. माझा स्वतःचा फोटो, आईच्या मांडीवरचा, आमच्या भिंतीवर इतकी वर्षं लटकत होता, आणि तो तुमच्या खोटेपणाचा पुरावा होता. रोल माझ्या जन्माआधीच बंद झालेला, म्हणजे त्यानंतरचा एकेक फोटो, एकेक नवरी, एकेक बाळ, या कोटात हात घालून निघालेलं होतं. मग वाचनालय का नाही? माझं सगळं बालपण त्याच्या बाकड्यावर गेलं. तुम्ही रोज संध्याकाळी तिथे यायचा, पेपर वाचायचा. डबा घरी ठेवून यायचा.

"काऊन, काका? एक फोटो. एकच."

"जाऊ दे ना वं."

"साहेबापुढं खोटं बोलले तुमी."

"खोटं कुठी बोललो? रोल बंद झालताच."

"हे खोट्यापेक्षा वाईट आहे. अर्धं खरं आहे."

"पत्रकवाल्याची पोरगी," तुम्ही काकूला म्हणालात. "चहा टाक, नाईतं मले फासावर देते हे."

मी तुम्हाला म्हटलं, चला, आत्ता त्या फाटकापाशी, सिंहांचा तरी फोटो काढा. आपली जागा कुठे होती ते तरी दिसेल. तुम्ही म्हणालात, "आता तथी काय आहे?" आणि तो रोल, जो मी पुण्याहून छातीशी धरून आणला होता, तुम्ही शेजारच्या बारशाला वापरून टाकलात. माझ्या हातात त्या बाळाचा फोटो दिलात. बाळ गोड होतं. मी तुमच्याशी बोलणं टाकलं.

टाकलं म्हणजे काय, दर सुट्टीत यायचे आणि तुमच्या दारात उभी राहून तोच प्रश्न विचारायचे. मी तुम्हाला भित्रा म्हणाले. लेआऊटवाल्याने तुम्हाला काय दिलं, असंही विचारलं. त्यावर काकूने मला घराबाहेर काढलं आणि तुम्ही तिला म्हणालात, "राहू दे, पुसू दे तिले." तेव्हाही राग आला होता. गुन्हेगाराने इतकं शांत असू नये.

मध्ये आम्ही अपील केलं. आमच्या वकीलबाईंनी सांगितलं, फोटो नसेल तर नसो, पण तो का नाही हे सांगणारा एक माणूस तरी उभा करा. शपथेवर सांगू दे की वाचनालय होतं, आणि फोटो न काढण्याचं कारण हे हे होतं. रोल बंद झाला, एवढ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. समोरचा वकील माझाच नामकरणाचा, रोल बंद झाल्यानंतरचा फोटो पुढे करेल आणि सगळंच हसण्यावारी जाईल. मी दवाखान्यात तुमच्याकडे आले ते यासाठी. तुम्ही पडून होता, हाताला सलाईन. मी तब्येत विचारली नाही. सरळ मुद्द्यावर आले, कारण तुमच्याकडे किती वेळ आहे ते दोघांनाही दिसत होतं.

"काका, एकदा तरी सांगा. काऊन नाई काढला?"

तुम्ही सलाईनचा हात जरा बाजूला घेतलात. मग म्हणालात, "तुहा बाप गोळ्या घेते का बरोबर? त्याले टोकत जाजो."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मला वाटलं, पुन्हा विषय बदलला.

परवा शोकसभेतून मी घरी आले तर मागोमाग बाबाही आले. माझ्यावर ओरडायला आले असतील असं वाटलं. ते चपला न काढता आत आले आणि खाटेवर बसले.

"तू कायले उठली?"

"वस्तीचा फोटोग्राफर म्हणून राह्यले सारे. मले नाई ऐकवलं."

"मीच नाई म्हणलं होतं त्याले," बाबा म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. मग ते बोलत गेले, जमिनीकडे पाहत, तुम्ही तहसिलीत पाहत होता तसे. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. घरांच्या पट्ट्यांसाठी, म्हणजे जागेच्या मालकीच्या कागदांसाठी, मोर्चा निघाला होता, पत्रक बाबांचं, हाकही बाबांची. तुम्ही डबा घेऊन पुढे पुढे धावत होता. नामदेव नावाचा एक जण त्याआधी कुठल्याच मोर्च्यात कधी आला नव्हता. तो फोटो निघणार म्हणून आला. नवा सदरा घालून. अगदी समोर उभा राहिला, दात काढून. फोटो छान आला, तुम्ही घरोघर वाटलात, आणि चहाच्या टपरीवाल्याने कौतुकाने भिंतीवर लावला. तिथून तो कुणीतरी उचलला. मग पोलीस आले आणि फोटोतले चेहरे बघून माणसं वेचून नेली. बाबांना सवय होती. नामदेवला नव्हती. तो समोर होता म्हणून त्याला पुढारी ठरवलं. गिरणीतलं त्याचं काम गेलं. सुटून आल्यावर बायको-लेकरं घेऊन तो वस्ती सोडून गेला, कुठे ते कुणाला ठाऊक नाही.

"तवा मी देवाजीले म्हणलं, लेकरांचे काढ, नवरा-नवरीचे काढ. पण जथी आपण बसतो, बोलतो, तथी हे पेटी आणायची नाई. चेहरे कागदावर नको. तो म्हणे, कोणी पुसलं तं काय सांगू? मी म्हणलं, रोल बंद झाला म्हण. ते वाक्य माह्यं आहे."

"रिकाम्या खोलीचा काढला असता, बाबा. टिनाचा. बाकड्याचा."

"रिकामी कदी होती ते?"

 मी दुसरा प्रश्न काढला. "तहसिलीत तुमी बाजूलेच बसले होते."

"होतो."

"मंग?"

"देवाजी माह्याआधी उठला."

"अन् तो बसल्यावर?"

बाबांनी आता कुठे चपला काढल्या, खाटेखाली सरकवल्या. मग जे बोलले ते मी त्यांना कधी माफ करणार नाही, आणि खरं बोलले म्हणून कधी विसरणारही नाही. म्हणाले, "तू त्याच्यासंगं भांडे ना, तवा मले सुटल्यासारखं वाटे."

तर हे असं आहे, काका. लोकांना वाटेल आता मी तुमच्यापुढे हात जोडून उभी राहीन. नाही. मी माफी मागायला बसलेली नाही. तुम्ही माझं भांडण चोरलंत. ज्या माणसाशी मी भांडायला हवं होतं तो रोज माझ्यासमोर जेवत होता, आणि तुम्ही मध्ये उभे राहिलात, अंगावर घेत राहिलात, हसत राहिलात. कशासाठी? माझ्या मनातले हरिदास शाबूत राहावेत म्हणून? पत्रकातून लोकांना 'उघड्या छातीने पुढे या' सांगणारा माणूस एकदा घाबरला होता, हे मला कळलं असतं तर मी मोडले असते का? माणसं घाबरतात. घाबरायचं कारणही होतं. ते कारण उजेडात सांगितलं असतं तर तहसिलीत कुणी हसलं नसतं. नामदेवची गोष्ट ऐकून कोण हसलं असतं? त्या एका अर्ध्या वाक्यापायी आपली जागा गेली. मैत्री निभावण्याची ही किंमत तुम्ही दोघांनी ठरवलीत, आणि दिली वस्तीने.

आणि तरी. कोटाच्या बाह्यांत उलटे हात घालून तुम्ही माझ्याकडे बघत होता, माझं जेवण विचारत होता, ते मला आठवतं. मी तुम्हाला विकला गेलेला माणूस म्हणाले त्या दिवशी, "पुसू दे तिले" म्हणताना तुमचा आवाज कसा होता, तेही आठवतं. पोरीने प्रश्न विचारायचं थांबू नये, एवढं तुम्हाला वाटत होतं. उत्तर मात्र द्यायचं नव्हतं. इतका प्रेमळ आणि इतका चुकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हा लेख बाबा काढत असलेल्या तुमच्या स्मृती-अंकासाठी आहे. छापायला जाणारं प्रत्येक अक्षर आधी ते तपासतात, तुम्हाला माहीत आहे. काल संध्याकाळी मी हे कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि समोर बसले. 'गुन्हेगार' हा शब्द मी तुमच्यासाठी वापरला होता तिथे त्यांचं पेन अडखळलं, पण त्यांनी तो राहू दिला. तुमच्या कौतुकाची काही विशेषणं खोडली. ती मी इथे पुन्हा घातलेली नाहीत. मग नामदेवपाशी आले. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. स्वतःच्या नावावर पेनाचं टोक टेकवून कितीतरी वेळ धरलं, शाईचा एक ठिपका तिथे पसरला. नाव खोडलं नाही. पान उलटलं.

शेवटचं पान तेव्हा कोरं होतं. कागद माझ्याकडे सरकवून त्यांनी विचारलं, "अपिलाची तारीख कदी आहे म्हणते ते वकीलबाई?"

मी सांगितली. तुम्हाला सांगत नाही, काका. तुम्ही पुन्हा त्यांच्याआधी उठाल.